एक गुलाबी वस्तू आणा

ग्वायाकिल,
१४ ऑक्टोबर १९९८

लाडक्या ओफेलियास,

तू आणि तुझी नियेवेस, दोघी मायलेकी बऱ्या असाल. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे.

माझ्या प्रदर्शनाची गुलाबी खोली अखेर उघडली. बंदरावरच्या जुन्या गोदामात भिंती भरून बायकांच्या वस्तू लावल्यात: केसांचे रोलर, नेलपॉलिश, भांडी घासायचे हातमोजे, भातुकलीची चूल. दाराशी रंग फिका, आत जावं तसा गडद. बाहेर पाटी आहे, ‘एक गुलाबी वस्तू आणा आणि इथंच सोडून जा.’ गल्लीतल्या बायका पिशव्या भरभरून घेऊन आल्या. आई म्हणाली, “माझ्या पसाऱ्याला जन्मभर बोलणी, आणि तुझ्या पसाऱ्याला टाळ्या!”

पेपरात फोटोही आला. तोच त्यानं पाहिला असणार.

हो, तुझा नवरा आला होता. काल दुपारी. तू त्याला सोडून गेल्यापासून पहिल्यांदाच. इतका वेळ हेच लिहायचं टाळत होते.

नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. “काय मेहुणीबाई, बायकांचं दुकान मांडलंत की!”

मी म्हटलं, “रोमुलो, बघून झालं असेल तर वाट धर.”

“पाटी वाचून आलोय. रिकाम्या हातानं कसा येईन?”

त्यानं पिशवीतून नियेवेसचा रेनकोट काढला. मी गेल्या महिन्यात पाठवलेला, गळ्याशी मी शिवलेलं जांभळं बटण असलेला. घडीत अजून ओल होती. ओफे, इथं कित्येक महिने पाऊस नाही. पाऊस तुमच्याकडे क्वेंकाला पडतोय.

“शाळेच्या फाटकाशी तिनंच काढून दिला,” तो म्हणाला. “बापाला नाही म्हणत नाही माझी पोर. आईच तेवढी हट्टी.” मग सगळ्यांत गडद भिंतीवर तो टांगला आणि मागं सरून विचारलं, “रंग जुळला ना?”

नियेवेसनं तुला तो हरवला म्हणून सांगितलं असेल. तिच्यावर ओरडू नकोस, त्यानंच तिला गप्प केलं असणार. पोस्टात त्याचे दोस्त आहेत हे ठाऊक असून मी घाईत तो पोस्टानंच पाठवला. चूक माझी आहे.

हे पत्र मावशीचा विल्सन हातोहात देईल. त्याची बस बाहेर उभी असेल. सामान आवरत बसू नकोस. आधी शाळेत जा, पोरीला घे, आणि तो नेईल तिथं जा. पोचल्यावर मला कळवू नकोस. तू कुठे आहेस ते मला ठाऊकच नको. रोमुलो पुन्हा येणार आहे, विचारायला, आणि मी काही फार धीराची नाही.

तुझं पत्र कधी येऊ नये म्हणून देवापुढे मेणबत्ती लावणारी,
तुझी ताई
हासिंता