आईची फर्माईश

फ्रँकफुर्ट, ६ ऑक्टोबर १९५७, रविवार
निश्चय : आजपासून प्रबंधाची रोज चार पानं. विषय : करमणुकीच्या धंद्यानं माणसाचं मेंढरू कसं केलं. प्राध्यापक चाट पडतील.
दुपारी हॉस्पिटलात, आईकडे. वॉर्डात रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम. अमक्या आजीला तमक्या नातवाकडून, मग गाणं, मग रडारड. आई म्हणाली, फोल्कमार, या शेजारच्या खाटेवरल्या त्सोलरबाईंच्या जावयानंसुद्धा रेडिओला कार्ड टाकलं रे. जावयानं! मी समजावलं की ही माया नव्हे, माल आहे. ती म्हणाली, बरं बाबा, मफलर नीट गुंडाळ.
पटलं बहुतेक.

९ ऑक्टोबर
पानं : शून्य. खोलीत गारठा. गारठ्यात विचार होत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
उसना ग्रामोफोन नेऊन वॉर्डाला खरं, आधुनिक संगीत ऐकवलं. त्सोलरबाईंनी विचारलं, वर कुणी कपाटं सरकवतंय का? आई त्यांना म्हणाली, गप्प बसा हो, माझा मुलगा फार शिकलाय. तिनं शेवटपर्यंत माझा हात धरून ठेवला होता. संगीताचा परिणाम.

१६ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. प्रबंधाचं पहिलं प्रकरण संपलं की आईजवळ निवांत बसेन.

२० ऑक्टोबर, रविवार
लिहायचं म्हणून गेलो नाही. एक वाक्य झालं. वाक्य मात्र झकास.

२१ ऑक्टोबर
वॉर्डात शिरलो तर बायकांचा गलका : आला हो गुणाचा लेक! काल रेडिओवर म्हणे नाव आलं. एल्फ्रीड राइट्स यांना, मुलगा फोल्कमारकडून, ते खलाशाचं गाणं. मी कार्ड टाकलेलंच नाही! म्हणजे हे यंत्र आता माणसाला न विचारताच त्याचं प्रेम वाटत सुटलंय. प्रकरणासाठी नामी उदाहरण.
आई इतकी खूश होती की काही बोललो नाही. निघताना तिनं हळूच विचारलं, रागावला नाहीस ना? कशाबद्दल, कळलं नाही.

२४ ऑक्टोबर
आई गेली. मी पोचलो तेव्हा पलंग आवरून झाला होता.
सिस्टर इर्मगार्डनं तिची शाल आणि चष्मा दिला. म्हणाली, ते कार्ड त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतलं. मुलाच्या नावानं टाका म्हणाल्या, त्याच्या मनात फार असतं, पण बिचाऱ्याला वेळ नसतो.

२७ ऑक्टोबर, रविवार
चार पानं लिहायची होती. रेडिओ लावला. केवळ अभ्यास म्हणून.
सगळी नावं शेवटपर्यंत ऐकली. आईचं नाव आलं नाही.