सावनदुर्गाच्या माथ्यावरच्या हाका

बनशंकरी, ४ जानेवारी २०२५

ती. वसुमती आत्यास,
शि. सा. न. वि. वि.
फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्र, नाहीतर ओरडूनच सांगितलं असतं! माझ्या लहानपणी आपण सगळे चढायचो, त्या सावनदुर्ग डोंगराबद्दल मी रचलेलं संगीत पन्नास वादकांचा ऑर्केस्ट्रा वाजवणार आहे. अगं, पन्नास! दोन फेब्रुवारीला. त्या उभ्या शिळेची चढण चेलोंच्या खर्जातल्या तारांवर अशी बांधलीय की वाजवणाऱ्यांनाच धाप लागते. माथ्यावर मात्र अडलंय. झांजा, नगारे सगळं घातलं, तर ऑर्केस्ट्रा चालवणारे वासुदेव सर म्हणाले, ही तर लग्नाची वरात झाली. माथ्यावर पोचल्यावर आपण काय करायचो गं? आठवेल ते लिही. आणि तुला यायचंच आहे, पुढची खुर्ची धरलीय.
लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भार्गवी

आनेकल, ११ जानेवारी

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.
इतकं शिकलीस आणि मुख्य तेच विसरलीस? अगं वेडे, माथ्यावर पोचलं की आपण खाली राहिलेल्यांना हाका मारायचो. म्हातारे, आजारी, बाळंतिणी, सगळ्यांना. तुझे बाबा तर शेजारच्या म्हशीलाही हाक मारायचे!
मी येणार नाही. कानात हल्ली नुसती भांडी पडल्यासारखी वाजतात. तुझं संगीत मला कळलंच नाही, तर तुला काय तोंड दाखवू? खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. आग्रह नको, सरी? कळलं ना?
माया आहे तशी असू दे.
आत्या

बनशंकरी, २५ जानेवारी

ती. आत्यास सा. न.
जमलं, आत्या, जमलं! शेवटी सगळे वादक वाद्यं खाली ठेवून उभे राहतात आणि आपापल्या न आलेल्या माणसाला हाक मारतात. सरांनी आधी नाक मुरडलं. मग त्यांनीच पहिली हाक बहिणीला मारली आणि स्वल्प वेळ चष्मा पुसत बसले.
तू येत नाहीस याचा मला भयंकर राग आलाय. मीही स्टेजवर असेन आणि हाक तुलाच मारणार, काय करायचं ते कर.
रागावलेली, तरी तुझीच,
भार्गवी

आनेकल, ३ फेब्रुवारी

चि. भार्गवीस खूप खूप आशीर्वाद.
तुझ्या भावाला, कार्तिकला, दटावलं होतं की तुला सांगायचं नाही. त्याच्याबरोबर मी आले होते, मागच्या रांगेत बसले होते. खरं सांगते, सूर काही कळले नाहीत. चढणीला खुर्ची थरथरली, तेवढं कळलं आणि रडू आलं, की पोरीचं एवढं मोठं काम आणि माझे कान हे असे.
मग सगळे उभे राहिले. नुसता गलका. त्यात तू तोंडाशी हात धरून ओरडलीस आणि माझं नाव मला लख्ख ऐकू आलं गं! लाजबीज कुठली, सगळ्या सभागृहादेखत उभी राहिले आणि खणखणीत ओ दिली.
तुझी आत्या