बॅटरीखालचं कुंकू

१२ सप्टेंबर, शुक्रवार
गाडी बंद पडली! कळमेश्वर रोडवर, भर ट्रकांमध्ये. बोनेट उघडलं तर बॅटरी तिरपी होऊन वायर सुटलेली. तिले धरून ठेवणारा बोल्ट गंजून तुटला. ओढणीने बॅटरी बांधली, वायर दाबली, कशीबशी घरी आली.

जितेंद्र म्हणे, "सडली गाडी. विकून टाकू." नवरोबांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. पितृपक्ष संपला की नेणार. मंग मी कंपनीत कशी जाऊ? आपलं घर बेस्याले, शहराच्या इकडच्या टोकाले; कंपनी कळमेश्वरले, तिकडच्या. म्हणजे नोकरी सोड — तोंडाने कोणी म्हणत नाही, एवढंच!

सासूबाई खूश असतील. माझ्या गाडीत कधी बसल्या नाहीत. "मले चक्कर येते वं." पोराच्या स्कूटरवर बरी येत नाही चक्कर!

१४ सप्टेंबर, रविवार
बॅटरी ज्यात बसते त्या ट्रेच्या बाकीच्या बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारला. एकही हलला नाही. हात सोलले.

१७ सप्टेंबर
बसने गेली. आजही उशीर. साहेब सगळ्यांसमोर बोलले. घरी येऊन पुन्हा स्प्रे.

जितेंद्र — "काहून एवढी जिद्द करून राहिली?"

मी स्प्रेच मारत राहिली; बोलली असती तर रडू आलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार
निघाले!! सगळे निघाले!

आधी बॅटरी काढली. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून घासलं. बोल्टाले हातोडीने हळूहळू ठोकलं. सैल करायच्या आधी जरासा घट्ट करायचा, ही कंपनीत शिकलेली युक्ती. कट्टकन् आवाज आला आणि फिरला! तुटलेल्याचं बूड पकडीत धरून काढलं. अंगणात एकटीच नाचली.

पण ट्रेखाली काय? मुंग्या! खोबऱ्याचे तुकडे, कुंकवाचा चिखल. दसऱ्याले आपण नारळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडतो, तेही चाकावर. हे तर कोणीतरी तांब्यांनी ओतलेलं. बोल्ट त्यानेच खाल्ले.

करणी म्हणायची का? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण चावी तर घरातच, खिळ्याले टांगलेली. मंग कोण? आईच! सुनेची नोकरी सुटावी म्हणून. लिहिताना वाईट वाटते, पण दुसरं कोण आहे?

जेवताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "नारळाचं पाणी ओतून ओतून कोणीतरी बोल्ट सडवले." आईंनी हातातला घास ताटात ठेवला. अर्ध्या ताटावरून उठल्या. माझी तर खात्रीच झाली.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. सुट्टी टाकून नवे बोल्ट बसवले, वरून ग्रीस लावलं. जितेंद्रने दोन्ही हातांनी बॅटरी हलवून पाहिली. हलली नाही म्हणजे नाही! मंग त्यानेच गिऱ्हाइकाले फोन केला, "नाही विकाची भाऊ. माह्या बायकोनं नीट केली."

हुश्श! दोनदा चहा प्याली. छातीवरचा दगड उतरला. आईंशी मात्र बोलली नाही.

२५ सप्टेंबर
कंपनीत वेळेच्या आधी पोचली. खड्ड्यातही खटखट नाही. येताना गाणं म्हणत आली.

आई दारातच उभ्या होत्या. मी आत आली तशा देवघरात गेल्या. रोजचंच आहे हे.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडी धुतली, हार घातला. आई तांब्या घेऊन आल्या. बोनेटचा खटका स्वतःच ओढला — न विचारता, सवयीने! नवे बोल्ट दिसले आणि त्यांचा हात थांबला.

"मीच टाकत होती वं. दर शनिवारी, मारुतीले फोडलेल्या नारळाचं पाणी, वरून कुंकू. तू रोज त्या ट्रकायच्या मधातून जाते. मले भेव लागते. म्हटलं, गाडीचा जीव जिथं आहे तिथंच टाकावं. ते लोखंड खाते, हे मले काय माहीत!"

काय विचार केला होता मी या बाईबद्दल! तोंडातून एवढंच निघालं, "आणा आई, मीच पिते."

त्यांनी तांब्या पुढे केला. "पी. तुले तर गंज नाही लागत ना?"

हसता हसता रडलीच मी.