सायकल छतावर चढेना

२ ऑगस्ट, शनिवार

बोललो आणि फसलो! प्रतिक्षा सायकलवर हंपीला निघालीय. पाच मैत्रिणी, नांदेडहून, चौदा तारखेच्या पहाटे. चार दिवस, सव्वापाचशे किलोमीटर, आणि तेही ऑगस्टच्या पावसात. नांदेडपर्यंतही सायकलनंच जाते म्हणाली. मी घाईघाईत म्हणालो, ‘छे! गाडीच्या छतावर टाकून नेतो की.’ सेनगाव ते नांदेड रस्त्यावरचे अपघात वीस वर्षं मीच पेपराला कळवतोय. कुठल्या वळणावर किती गेले ते मला तोंडपाठ आहे. त्या वळणांवरून माझं लेकरू सायकलवर जाणार?

आता छतावरचं कॅरिअर घेणं आलं. निता म्हणाली, ‘अहो, गॅसचं बटण दोनदा तपासणारा माणूस तुम्ही. गाडीवर सायकल बांधून झोप लागेल तुम्हाला?’

लागणार नाहीच.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर अध्ययन. गुरुकुलात असताना एकेका सूत्रावर आठवडा घालवायचो, ती सवय अशी कामी येईल असं आचार्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

घोडं अडतं ते मडगार्डपाशी. काळ्या मातीचा चिखल अंगावर उडू नये म्हणून पोरीनं पुढच्या-मागच्या चाकाला लांबलचक मडगार्ड बसवलेत. पुढचा तर पार खाली येतो. मी त्याचं नाव पंकत्राण ठेवलंय. प्रतिक्षा म्हणाली, ‘बाबा, दुकानात असं मागू नका, चिलखत आणून देतील.’

प्रकार पहिला: पुढचं चाक काढायचं आणि चाक धरणारा सायकलचा चिमटा कॅरिअरवर आवळायचा. चाक गेलं की मडगार्ड खाली लोंबकळतो आणि शेपूट पत्र्यावर आपटत राहतं. बाद.

प्रकार दुसरा: चाक तसंच ठेवून वरून एक आकडा टायरवर दाबायचा. पण टायरच्या वर तर मडगार्ड! तोच चेपणार. बाद.

प्रकार तिसरा: गाडीच्या मागच्या दाराला टांगायची. नंबरप्लेट झाकली जाते. पोलिसांच्या बातम्या मी देतो, पोलिसांनी माझी देऊ नये.

४ ऑगस्ट, सोमवार

सापडलं. चौथा प्रकार. एक दांडा उभा राहतो आणि सायकलच्या तिरप्या नळीला पकडतो. चाकांना खालून नुसते पट्टे. मडगार्डला कुठंच स्पर्श नाही. आमच्या गाडीच्या गुळगुळीत छतालाही बसतं, दारांच्या चौकटीत पकडी अडकवायच्या.

मागवायला बोट पुढं केलं आणि थांबलो. ते आलं, की ती जाणार.

मागवलं नाही. घरात सांगितलं, ‘अजून पटत नाहीये काही.’

५ ऑगस्ट, मंगळवार

मुंजाजीच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. म्हटलं, घडवून घेऊ, म्हणजे वेळही लागेल. तो सायकलीभोवती दोनदा फिरला.

‘सर, हे मडगार्ड काढून टाकू ना. काहून एवढी तकलीफ?’

‘तेच तर ठेवायचेत.’

‘मग चांगलं जाड अँगलचं करतो. वरून हत्ती ठेवा.’

‘हत्ती नको. सायकलच.’ मग आवाज उतरवून म्हणालो, ‘आणि मुंजाजी, गडबड नाही. पंधरा ऑगस्ट झाल्यावर दिलं तरी चालतंय.’

तो माझ्याकडं बघत राहिला. ‘व्हय. बराबर,’ म्हणाला. चहा पाजला.

७ ऑगस्ट, गुरुवार

हे इथं लिहितोय, दुसरीकडं कुठं लिहिणार!

दुपारी डोंगरकड्याजवळच्या ट्रक अपघाताची बातमी टाइप करत होतो. हात सवयीनं चालतात. ‘सायकलस्वार तरुणी जागीच ठार’ असं उमटलं. मेलेला माणूस होता पन्नास वर्षांचा, मोटारसायकलवरचा. आणि खाली मी लिहिलं होतं: वय २३, रा. सेनगाव.

पुसलं. पुसलं तरी दिसतच होतं. उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. वीस वर्षांत शेकडो घरांची नावं या बोटांनी लिहिली. बोटांना पुढचं नाव आधीच कळत असेल का?



९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. मुंजाजी बहिणीकडं शिरड शहापूरला. दुकान बंद. आणखी एक दिवस मिळाला!

११ ऑगस्ट, सोमवार

फुटलं. वेल्डरला गुपित सांगणारा मी शहाणा! अख्खं सेनगाव ज्या बाकड्यावर चहा पितं, तिथं सांगितलं.

प्रतिक्षा संध्याकाळी दारातूनच म्हणाली, ‘मुंजाजीकाका म्हणून राहिले, तुझ्या बापानंच सांगितलं पंधरा ऑगस्टनंतर दे म्हणून. पोरीला कळू देऊ नको असं काही सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगून टाकलं.’ हुबेहूब नक्कल केली.

मी चष्मा पुसत बसलो.

‘बाबा, ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवशीची बातमी तुम्ही कधी दिलीय? त्या रस्त्यानं रोज हजार माणसं घरी पोचतात.’

ती रागावली नाही. त्याचीच जास्त धास्ती वाटली.

१३ ऑगस्ट, बुधवार

गेली.

तांड्यावरच्या प्रेमदासची भाड्याची जीप तिथली माणसं घेऊन नांदेडच्या दवाखान्यात निघाली होती. टपावर सायकल बांधायला मी दहा दिवस भीत होतो, आणि आता ती जीपच्या टपावर! प्रेमदासनं खाली गोणपाट अंथरलं, सायकल सरळ उभी केली, ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी ताणून बांधली. मडगार्डला बोट लावलं नाही. दहा मिनिटं लागली असतील.

‘काका, नका घाबरू. परवा टपावर बोकड नेलं. उतरलं अन् चालत गेलं!’

‘चालत कुठं गेलं?’

‘खाटकाकडं.’

निता हसली, प्रतिक्षा हसली. मीही हसल्यासारखं केलं. जीप वळणाआड गेल्यावर लक्षात आलं, मी अजून हात वर धरून उभा आहे. मी गाडीनं नेली असती तर निदान नांदेडपर्यंत शेजारी असती. माझ्या भीतीनंच तिला दुसऱ्याच्या जीपमध्ये बसवलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

‘बिदर. सगळ्या ठीक.’ रात्री आठला तिचा मेसेज आला. तोवर दोनदा संपादकांचा फोन घेतला नाही, तिचाच येईल म्हणून.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाच्या तीन बातम्या दिल्या. तिचा फोन सकाळपासून बंद. गुलबर्ग्याकडं जोराचा पाऊस म्हणतात. देवघरात बसलो, पण एकही स्तोत्र सलग आठवेना, मधल्याच ओळी येत राहिल्या. निता बाजूला येऊन बसली. बराच वेळ आम्ही दोघंही फोनकडं बघत होतो.

पावणेदहाला लागला. ‘पोचलो. फोन भिजला होता.’ एवढंच. निता रडली. मी नाही, मी मोरीत गेलो.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुपारी कुरिअरवाला लांबलचक खोकं ठेवून गेला. वर माझं नाव. आत कॅरिअर, तिरप्या नळीला पकडणारं, तेच! बिलावर तारीख तीन ऑगस्ट, मागवणारी प्रतिक्षा.

फोन लावला. रायचूरच्या अलीकडं कुठंतरी होती, धापा टाकत बोलली.

‘तुम्ही एकेक प्रकार बाद करत होता ना, जाताना तुम्ही नेणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. हे परत यायला मागवलंय, बाबा. तिथून परत सायकल मारायची ताकद नाही राहणार माझ्यात. उद्या संध्याकाळी हंपीला या.’

परभणीच्या पुढं मी गाडी कधी नेलेली नाही. पहाटे तीनला निघतोय.