फालस्याचे दोन खड्डे

माय, सगळ्यात आधी आली ताई. बाकीचे पाहुणे बस स्टँडवर ऑटोवाल्याशी घासाघीस करून राह्यले होते आन् ही आपली काठी टेकत पुढं निघून आली. दारातूनच म्हणते, "काय गं, चहा ठेवला का आमची वाट पाहून झोपली?" मागून तिची सून, हातात बुंदीचा डबा, आन् सुनेच्या मागं दोन नाती. त्या पोरी हिंदीतच बोलतात, पण मले "आजी" म्हणून अशा बिलगल्या का माहा पदर खांद्यावरून उतरला. लई आनंद झाला मले. ताईचं कटंगी काही सात समुद्रापार नाही, तरी दोन साल झाले कोणी फिरकलं नव्हतं. चहा राहू दिला, पहिले फालस्याचं शरबत दिलं. यंदा झाड असं लदलं आहे का सकाळी तोडून घ्या, संध्याकाळी पुन्हा काळे दाणे दिसतात.

सुनेनं गिलास रिकामा केला आन् म्हणाली, "मावशी, आमच्या घरी दोन झाडं हायेत, पण नुसती उंच गेली. शेंड्याले चार दाणे, तेही पाखरं खातात. ह्या आमच्या सासूबाईच्या हाताले केवढं यश होतं. माहेरी त्याइनंच झाडं वाढवली, पाहाले आलेल्या पाहुण्याइले त्याचंच शरबत पाजलं. सासरे मरेपर्यंत सांगत." मी ताईकडे पाह्यलं. ताई मान हलवून राह्यली होती. मग मलेच विचारते, "तुले कोणी शिकवलं गं झाड राखणं?" मी म्हणलं, "तूच तं शिकवलं." मले वाटलं, आता तरी ओशाळन. ती सुनेकडे वळली, "पाह्य, मी म्हणत नव्हती का?" माय, ती नाटक नाही करत. तिले खरंच वाटते का झाडं तिनंच वाढवली. म्हणून मी तिच्याशी भांडली नाही. भांडण तुह्याशी आहे, म्हणून तू गेल्यावरही तुले हा कागद लिहून राह्यली.

तुले तं सगळं ठाऊक होतं. नागपूरची दीक्षा झाली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट असन. आपल्या घरचे देव वैनगंगेत सोडले होते आन् तुळशीचा ओटा रिकामाच पडला होता. बा हट्टा गावच्या बाजारातून फालसे घेऊन आले, मी खाल्ले आन् बिया त्या ओट्याजवळ पुरल्या. तू म्हणाली, "मोरीचं पाणी तिकडे वळव, जगलं तं तुहं." तुहं म्हणाली तू, माय. तीन झाडं जगली. मी चौथीत होती, पुढं शाळा सुटलीच, त्यामुळं दिवसभर मले तेवढंच काम. एका हिवाळ्यात शेजारच्या काकूची बकरी सुटली आन् तिन्ही झाडं बुडापर्यंत खाऊन गेली. मी दोन दिवस जेवली नाही. तू म्हणाली, "झाड गेलं तं गेलं, पोरीच्या जातीनं एवढं रडू नये." आन् उन्हाळ्यात पाहते तं काय, जमिनीतून नव्या काड्या फुटलेल्या आन् एकेका काडीले मुठीमुठीनं दाणे. तवा मले समजलं का फालसा नव्या काडीलेच लागते. पुढच्या पौषात मीच विळा घेऊन तिन्ही झाडं छाटली. तू पाठीत धपाटा घातला. "हिरवं झाड कापतं का कोणी, हात झडतीन तुहे." उन्हाळ्यात टोपलं भरून फालसे निघाले तवा गल्लीभर वाटले तूच.

मग ताईले पाहाले कटंगीचे पाहुणे आले. ताई सावळी, त्याच्या आधी दोन ठिकाणचे लोक तोंडावर नाही म्हणून गेलेले. मी आत फालसे कुस्करून, गाळून, गूळ घालून शरबत केलं. नवरदेवाच्या बापानं विचारलं, "हे घरचे का?" आन् तू म्हणाली, "हौ, आमच्या थोरलीनंच झाडं वाढवली. तिच्या हाताले गुणच आहे." मी दाराआड उभी होती, हातात गाळणं. त्या दिवसाचं खोटं मी तुले तवाच माफ केलं. ताईचं जमत होतं, मलेही हसू येत होतं. पण पाहुणे गेल्यावर भांडे घासताना तू माह्या बाजूले बसली होती. तवा तरी म्हणायचं होतं, पोरी, तुहं नाव घेतलं नाही, मनावर नको घेऊ. मी मुद्दाम एकेक गिलास सावकाश धुतला. तू राखेचा हात झटकून उठून गेली.

आन् आषाढात ताई पहिल्यांदा माहेरी येऊन परत निघाली तवा मी दळण आणाले गेलती. आली तं ओट्याजवळ दोन खड्डे. मातीचे गड्डे पोत्यात बांधून झाडं बैलगाडीत चढलेले. मी काहून म्हणून विचारलं तं तू म्हणाली, "तिच्या सासऱ्यानं मागितले. तिचे आहेत म्हणून सांगतलं आपण, नाही कसं म्हणू? तुले एक ठेवलं ना." "आपण" म्हणाली तू. मी कधी सांगतलं होतं?

तेही गिळलं असतं. पण तू शेवटच्या दुखण्यात बाजेवर होती, ताई कटंगीत, आन् मी रोज माह्या सासरून फालसे घेऊन येत होती. त्या उरलेल्या झाडाच्या बियांचं झाड ते, आजही माह्या अंगणात आहे. बिया काढून एकेक दाणा तुह्या तोंडात घालत होती. शेजारच्या काकू भेटाले आल्या तं तू त्याइले सांगतेस, "थोरलीचा हात लई गुणाचा, तिनंच लावले होते." माह्याच हातातला दाणा खात खात. मी तुह्या डोळ्यात पाह्यलं, मले वाटलं डोळा मिचकावशील. त्या डोळ्यात काहीच नव्हतं. बोललेलं खोटं तुलेच खरं वाटाले लागलं होतं, आन् खरं ठाऊक असणारी मी एकटी उरली.

पाहुणे जेवून गेले. मी अंबाडीची भाजी केलती, ताईनं दोनदा घेतली. सुनेनं जाताना रोपं मागितले, आमचे झाडं म्हातारे झाले म्हणते. मी हौ म्हणलं, डब्यात लावून ठेवलेले आहेत. "पण मावशी, आमच्या झाडाले दाणे काहून लागत नाही?" असं तिनं विचारलं तं मी म्हणलं, पाणी कमी पडत असन. हा कागद कुठं जाणार नाही, तुले एकटीले सांगते: पौषात झाड छाटाचं असते, हे मी तिले सांगतलं नाही. आषाढ पुनवेनंतरच्या इतवारी रोपं न्याले येतो म्हणून गेले आहेत.