शब्दकोशावरचा निळा डाग

मंगळवार, १४ मार्च १९९५

इंग्रजी शब्दकोश कपाटात उलटा ठेवलेला सापडला. उघडला, तर ‘सुसाइड’ या शब्दापाशी निळ्या खडूचा डाग. कोणी बघितलं असेल? मुलगी म्हणते, अप्पा, मी हातच लावला नाही. तरी दिवसभर संशय तिच्यावरच.

माझा मेहुणा वसंता महिन्यापूर्वी गेला. सुशीलेला, म्हणजे माझ्या बायकोला, आम्ही सगळ्यांनी सांगितलं की तुझा भाऊ तापाने गेला. खरं काय ते पोलिसांच्या इंग्रजी कागदात आहे आणि कागद माझ्या ट्रंकेत. तिला कुठे इंग्रजी वाचता येतं, असं मी धरून चाललो.

डागाशेजारचा मजकूर मीही वाचला. लॅटिनमधल्या ‘स्वतःचा’ आणि ‘मारणं’ यांवरून शब्द घडवलाय. त्याआधी इंग्रज याला स्वतःचा खून म्हणत. खून म्हटला की गुन्हेगार शोधणं आलं. के. आर. पुरम भागातल्या वसंताच्या खोलीवर शेवटचा मीच गेलो होतो. तो बस म्हणाला, मी बसलो नाही. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सुशीला ब्लाउजचं कापड आखायला बसली. निळा खडू! बोटंही निळी. तेवढ्यात शेजारच्या ललिताक्का आल्या आणि विचारू लागल्या, “वसंताला नेमकं झालं तरी काय होतं?”

सुशीलेनं माझ्याकडे एकदा बघितलं.

“तापच होता, अक्का,” ती म्हणाली. “ह्यांनी खूप धावपळ केली हो.”