बाहुली कुणीच ठेवून घेतली नाही

सदाशिव पेठ, पुणे
८ जानेवारी २००१

ती. सत्यशीला आत्यास,
उत्कर्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक म्हणायची पद्धत आहे, पण ठीक नाही. माझ्या पीएच.डी.ला शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीच्या बाई येरवड्याला आल्या होत्या. तिथे कॉम्प्युटर कंपनीची इमारत उठते आहे. तिथल्या मजुरांच्या पोरांच्या बालवाडीवर माझा अभ्यास आहे, हे तुला माहीतच आहे. बाईंनी पेटीभर खेळणी आणली. प्रत्येकानं एक घेऊन एकट्यानं खेळायचं, त्यावर गुण. आमच्या पोरांनी काय करावं? स्लॅब टाकताना त्यांच्या आया घमेली पुढे देतात ना, तशी रांग लावली आणि बाहुली, बस, कपबशी, सगळं हातोहात पुढे! टोकाला बाई बसलेल्या. सगळा ढीग त्यांच्या मांडीवर. मला हसू आवरेना.

बाई हसल्या नाहीत. या मुलांना खेळताच येत नाही, सगळ्यांना शून्य लिही, म्हणाल्या. वर, पुढल्या वर्षी शिष्यवृत्ती हवी असेल तर ही पोरं सोडून पेठेतली एखादी चांगली बालवाडी घे. मी तोंडावर नाही म्हणाले.

रागावून का होईना, उत्तर धाड.
तुझी उत्कर्षा

भंडारा
१५ जानेवारी २००१

चि. उत्कर्षास,
जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आधी हसले, मग डोकं धरलं. काऊन गं, तोंडावरच नाही म्हणायची एवढी काय घाई होती? आपल्या घरात डॉक्टरेट करणारी तू पहिली. बाईंना हो म्हण, पदवी पदरात पाड, मग कर काय करायचं ते. शिष्यवृत्ती गेली तर पुण्यात राहशील कशी? आमचा अभय म्हणतो, कॉम्प्युटरचा कोर्स कर, त्याच्या कंपनीत चिकटवतो. मी म्हटलं, बापा, ती चिकटणाऱ्यातली नाही.

त्याच्या हाती लाडू धाडते आहे, पोरांनाही दे. आईमाघारी तुला वाढवलं, एवढं तरी ऐक.
तुझ्या काळजीनं अर्धी झालेली,
आत्या

पुणे
२४ जानेवारी २००१

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

लाडू पोचले. ऐकणं जमणार नाही, आणि दोष तुझाच. पहिलीत मी बोलत नव्हते म्हणून गुरुजींनी मला मंद ठरवून घरी धाडलं, तेव्हा शाळेच्या पायरीवर ठिय्या देऊन कोण बसलं होतं? पोरीला वर्गात घेतल्याशिवाय उठणार नाही, म्हणालीस. तेव्हा कुठं गेलं होतं गं तुझं 'हो म्हण'?

डबा उघडला तर पुन्हा रांग! सगळे लाडू हातोहात टोकाला, चिमुरड्या मुक्ताईकडे. पुढे कुणीच नाही, हे बघून तिनं एकेक मागे धाडायला सुरुवात केली. पहिला पार शेवटच्या पोरापर्यंत गेला, पुढचा त्याच्या अलीकडच्याला, असं करत सगळ्यांना पोचले. तोवर एकानंही तोंड लावलं नाही. सदाशिव पेठेत कुठल्याही पंगतीत अशी शिस्त दाखव मला! याला मी शून्य लिहू? हात झडले तरी लिहिणार नाही.

उद्या समितीपुढे बोलावलंय. हेच सांगणार. काढलं मला तर काढोत, पोरांना मी काढणार नाही.

लोभ आहेच, आता जरा धीरही दे.
तुझी उत्कर्षा

भंडारा
३ फेब्रुवारी २००१

चि. उत्कर्षास,
जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. शिष्यवृत्ती थांबवली म्हणे. वाचून आधी रडले, मग संताप संताप झाला. मी हो म्हण म्हटलं होतं, ते विसर. माझ्या पोरीला मंद म्हणणारा एक निस्तरला होता. आता तिच्या पोरांना म्हणणारे निघाले काय?

शनिवारच्या गाडीनं निघते. सोबत सतरंजी घेतली आहे. त्या समितीच्या कचेरीला पायरी आहे ना, तेवढं कळव.

तुझीच,
सत्यशीला आत्या